अधूनमधून

दुखणी दोन प्रकारची असतात. एक सरळमार्गी आणि दुसरी बेरकी. पाय मोडला म्हणजे मोडला. तो घरी मोडलेला असतो, डॉक्टरांकडे मोडलेला असतो आणि बँक हॉलिडेच्या दिवशीही मोडलेलाच असतो. याउलट दाढ. रात्री तीन वाजता ती अशी ठणकते की माणसाने लवंगांची अख्खी बरणी संपवावी. आणि सकाळी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं होऊन आ केला, की तीच दाढ नव्या सुनेसारखी खाली मान घालून गप्प! डॉक्टर आरसा घालून बघतात, टकटक करून बघतात आणि विचारतात, "नक्की कुठली?" रात्री जिच्या नावाने आपण तेहतीस कोटी देव आठवले, ती आता आपल्याला ओळखूही येत नाही.

मोटारसायकलीच्या विजेचं दुखणं या दुसऱ्या प्रकारात मोडतं. पंक्चर कसं सज्जन असतं. चाक बसतं, आपण उतरतो, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे येतात आणि तो खिळा काढून आपल्या तळहातावर ठेवतो. पुरावा हजर. वीज मात्र असते तेव्हा दिसत नाही आणि नसते तेव्हा तर नाहीच नाही. त्यातून ती कायमची गेली तर एक वेळ परवडलं. अधूनमधून जाते, तिथे खरी पंचाईत.

आमची मोटारसायकल साडेतीनशे सीसीची, २०१४ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. एका मुलीच्या खोडीपायी अख्ख्या घराण्याची बदनामी कशाला? लांबच्या प्रवासाची गाडी आहे, एवढं पुरे. मागे दोन बाजूंना दोन डबे, पुढे वारा अडवायला काच, हँडलवर मोबाइलची सोय. तिच्यावरून मी हंपी पाहिली, विजापूरचा गोलघुमट पाहिला, गोव्याला तीनदा जाऊन आलो. ज्याचा जन्म काउंटरच्या अलीकडे जातो, त्याला काउंटरच्या पलीकडे काय आहे ते बघायची हौस असते. आमच्या शाखेत या हौसेला 'थेरं' असा शब्द आहे.

तर या गाडीने मागच्या पावसाळ्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू केला. चालता चालता ती मरायची. चाचरत, खोकत, पेट्रोल संपल्यासारखी नव्हे, एकदम. इंजिन बंद, दिवा बंद, इंडिकेटर बंद, हॉर्न बंद. घरातला मेन स्विच कुणी खाली ओढावा तसं. सेल्फ दाबला तर टिक नाही की टुक नाही. किक मारून उपयोग नाही, कारण या गाडीला ठिणगीसाठीसुद्धा बॅटरीचीच वीज लागते. मग मी उतरायचो, गाडी ढकलत कडेला घ्यायचो, हेल्मेट काढायचो, कपाळाचा घाम पुसायचो आणि शेवटचं म्हणून चावी फिरवून बघायचो, तर सगळे दिवे लख्ख! जणू काही झालंच नाही. रस्त्यावरचे लोक माझ्याकडे अशा नजरेने बघत, की साहेबांना गाडी चालवता येत नाही, चावी फिरवायची राहिली असेल.

आमच्या बँकेत याला 'लिंक नाही' म्हणतात. त्यामुळे मला हा प्रकार अगदीच परका नव्हता. फरक एवढाच, की तिथे काचेच्या आतून मी सांगतो आणि बाहेरचा ऐकतो. इथे मीच आत आणि मीच बाहेर.

सर्व्हिस सेंटर नावाच्या काचेच्या महालात गाडी नेली. तिथे थंड हवा असते, कॉफी मिळते आणि मेकॅनिकच्या बोटांना काळं लागलेलं नसतं. एका तरुणाने मीटर लावला. "बॅटरी १२.६ व्होल्ट. चालू गाडीत १४. चार्जिंग ओके. फ्यूज ओके. सगळं ओके आहे सर." मी म्हटलं, "पण बंद पडते." तो म्हणाला, "आता तर चालू आहे ना?" आता या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? चालूच होती. मेकॅनिकच्या समोर ती कधीच बंद पडली नाही. माहेरच्या माणसांपुढे सासूसुद्धा गोड बोलते, तशी ती तिथे गोड चालायची.

तरी त्यांनी मला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. बॅटरी बदलली. पंधरा दिवस गाडी उत्तम चालली आणि सोळाव्या दिवशी बसस्टँडच्या चौकात मेली. मग रेग्युलेटर बदलला. तीन आठवडे बरे गेले. मग चावीचा स्विच बदलला, तेव्हा अकरा दिवस. दर खेपेला जुना भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते माझ्या हाती देत, अस्थी द्याव्या तसे. आणि दर खेपेला मधले बरे दिवस नव्या भागाच्या नावावर जमा होत. अधूनमधून येणाऱ्या दुखण्याची हीच तर गंमत आहे. ते आपण होऊन रजेवर जातं आणि श्रेय त्या आठवड्यात जो औषध देईल त्याला मिळतं. अंगारे-धुपारे, गंडे-दोरे यांचा सगळा धंदा या एका तत्त्वावर उभा आहे. सहा आठवड्यांनी माझ्याकडे तीन पिशव्या जमल्या. तिन्हींतले भाग नंतर तपासून घेतले. तिन्ही ठणठणीत होते.

सल्ल्यांचं काय सांगावं! कॅशियर म्हणाला, "पेट्रोलमध्ये पाणी." (पेट्रोलमधल्या पाण्याने हॉर्न कसा बंद पडतो, हे त्याने सांगितलं नाही.) शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "अर्थिंग." हा शब्द त्यांनी डोळे मिटून उच्चारला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "विकून टाका." आमचे मॅनेजर कर्जाच्या फायलींवरही बहुतेक हाच शेरा मारतात.

पण मॅनेजरांना वाटतं तितकं ते सोपं नव्हतं, कारण या गाडीवर आमचं एक गणित बसलेलं आहे. आम्ही राहतो कराडला आणि हिचं माहेर चिपळूणच्या अलीकडे, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. लग्नाला सतरा वर्षं झाली. पाटण, कोयनानगर, हेळवाक असं करत घाट उतरून आम्ही वर्षातून चार-पाच वेळा तरी जातो, आणि २०१४ पासून मोटारसायकलनेच जातो. ही मागे बसते आणि मला रस्ता दाखवते. रस्ता एकच आहे, तरी दाखवते.

त्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी फोन आला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओटीवर चक्कर येऊन पडले. उठून बसले, चहा घेतला, आता बरे आहेत. पण ही म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊ. शेवटची एसटी गेलेली होती. निघालो. कोयनानगरपर्यंत गाडी अशी चालली की मला तिचा अभिमान वाटला. घाट सुरू झाला, चार-सहा वळणं गेली आणि एका डाव्या आखूड वळणावर, बरोबर मध्यावर, ती गेली.

अंधार म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. दिव्याच्या उजेडाला सरावलेले डोळे एकदम काही म्हणजे काही बघत नाहीत. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, एवढं दिवसाउजेडी पाठ केलेलं. पण आत्ता दरी किती पावलांवर आहे ते कळेना. मागून ट्रकचा आवाज येत होता. आपल्या गाडीचा मागचा तांबडा दिवाही गेलेला आहे, हे मला त्या आवाजामुळे आठवलं. ब्रेक दाबून गाडी उभी केली. माझ्या खांद्यावरचा हिचा हात घट्ट झाला. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "आता?"

मी पाय टेकून गाडी कडेला ओढू लागलो. हँडल उजवीकडे वळलं आणि भक्कन सगळा उजेड परत आला. ट्रक वळणावरून आला, त्याला आम्ही दिसलो, त्याने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने खाली वाकून चौकशी केली आणि पुढे न जाता म्हणाला, "चला पुढं हळूहळू, मी मागनं दिवा धरतो." पोफळीपर्यंत तो माणूस आमच्यामागून दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. त्याचं नाव मला माहीत नाही, नंबर बघायचं सुचलं नाही. एक गोष्ट मात्र त्याही वेळी माझ्या डोक्यात आली, कारण माझं डोकं नको त्या वेळी चालतं. कोयना प्रकल्प म्हणजे १९६० मेगावॉट वीज. त्यातली बरीचशी याच डोंगराच्या पोटात, जमिनीखालच्या वीजघरांत तयार होते. आणि त्याच डोंगराच्या पाठीवर माझा ६० वॉटचा दिवा उपाशी!

अण्णा बरे होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्डिओग्राम काढला. "सगळं ओके आहे. वय झालं." ही वाक्यं मी कुठे ऐकली आहेत, असं मला वाटून गेलं. अण्णा छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गुरुजी होते. वर्गात पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोरांना त्यांनी पुष्कळ पाहिलेलं. ते खजील होऊन म्हणाले, "काही सापडत नाही म्हणजे काही नसेलच. उगीच तुम्हाला रात्रीचं पळवलं." चार महिन्यांत त्यांना तिसऱ्यांदा चक्कर आली होती, ते हिला त्या दिवशी कळलं. आधीच्या दोन त्यांनी कुणाला सांगितल्याच नव्हत्या. डॉक्टरांसमोर येत नाही, मग सांगून करायचं काय?

परतताना हिने तिचं हेल्मेट माझ्या हाती दिलं आणि म्हणाली, "मी एसटीने येते." भांडण नाही, टोमणा नाही. सतरा वर्षांत मी टोमण्यांना सरावलो आहे. त्यांचा अर्थ 'अजून आशा आहे' असा होतो. हे मात्र नुसतं हेल्मेट होतं. घरी आल्यावर ते खुंटीला लागलं आणि तिथेच राहिलं.

आता इथे माझं कॉमर्स उपयोगी पडलं. बी. कॉम. झालेल्या माणसाला विजेतलं कळत नाही, हे मान्य. पण न सापडणारी चूक शोधणं हा आमचा पिढीजात धंदा आहे. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने व्हेनिसमध्ये द्विनोंदी जमाखर्च छापून काढला, तेव्हापासून जगभरचे कारकून तेरीज जुळत नाही म्हणून रात्री उशिरा घरी जात आहेत. मी बँकेत लागलो तेव्हा खतावण्या नुकत्याच संगणकात शिरत होत्या. आमचे त्या वेळचे हेड कॅशियर जुन्या वळणाचे. ते शिकवायचे, "फरक आला की पहिल्यापासून बेरजा मारत बसू नका. फरकाचा स्वभाव बघा. त्याला नऊने पूर्ण भाग जातोय? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ४५० चे ५४० केलेत. फरक सम आहे? त्याचा निम्मा करा आणि तेवढ्या रकमेची नोंद जमेची नावे पडलीय का बघा." म्हणजे चूक आंधळी नसते. तिला सवयी असतात.

शिवाय परीक्षेला हमखास येणारा एक प्रश्न होता: तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतो का? उत्तर: नाही. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या तरी तेरीज जुळते. थोडक्यात 'सगळं ओके आहे सर' या वाक्याला आमच्या शास्त्रात फारशी किंमत नाही.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि मोटारसायकलीची रोजकीर्द सुरू केली. दिनांक. वेळ. ठिकाण. किती किलोमीटर चालली. इंजिन गार की गरम. हवा कोरडी की ओली. त्या क्षणी काय काय चालू होतं. रस्ता सरळ की वळणाचा, खड्डा होता का. आणि किती वेळाने आपोआप बरी झाली. पूर्वी गाडी बंद पडली की माझा रक्तदाब वाढे. आता मी खिशातून पेन काढू लागलो. एकदा तर वहीत तीन आठवडे नोंद नाही म्हणून मी कासावीस झालो होतो. ही स्वयंपाकघरातून बघायची आणि काही बोलायची नाही.

दोन महिन्यांत तेवीस नोंदी झाल्या. एका रविवारी त्यांची तेरीज मांडली. गार-गरम: निम्मे निम्मे. कोरडी-ओली: तसंच. खड्डे: संबंध नाही. पण कोल्हापूरपर्यंतच्या सरळ हायवेवर, ताशी ८० ने, एकही नोंद नाही! सगळ्या नोंदी हळू वेगाच्या. चौकात, घाटात, पेट्रोलपंपावर वळताना आणि सात वेळा तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तेवीसपैकी एकवीस डाव्या वळणाच्या. उरलेल्या दोन ठिकाणी मी दिशाच लिहिलेली नव्हती, कारण एकदा मागे पोलीस उभा होता आणि एकदा मोठे साहेब.

ही वही घेऊन मी काचेच्या महालात गेलो नाही. हायवेला लागून ट्रकांची गॅरेजं आहेत, तिथे एक वयस्कर चाचा ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. पाटी नाही. पाटीच्या जागी जुन्या हेडलाइटांचा ढीग. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा सापडेना म्हणून मलाच वाचायला लावली. नवव्या नोंदीला मला थांबवून म्हणाले, "साहेब, रोज रात्री हँडल लॉक करता?" करतोच. चोऱ्या काय कमी आहेत? "लॉक कुठल्या बाजूला बसतं?" डाव्या. चाचा हसले. "वायर मानेत गेली बघा."

मोटारसायकलीला मान असते, हे मला तेव्हा कळलं. हँडल जिथे सांगाड्याला जोडलेलं असतं तो भाग. सगळ्या वायरींचा जुडगा तिथून मागे जातो आणि हँडल वळेल तितक्या वेळा वाकतो. गाडी २०१४ ची. अकरा वर्षं, रोज एकदा पूर्ण डावीकडे, म्हणजे हिशेब केला तर सुमारे चार हजार वेळा. त्यात तो जुडगा कुणीतरी प्लॅस्टिकच्या पट्टीने तिथेच करकचून बांधलेला. त्यामुळे सगळा वाक एकाच जागी. लोखंडाची तारसुद्धा आपण अशीच मोडतो की, पुढे-मागे वाकवून. इथे तर तांबं.

मी माझं ज्ञान दाखवायला म्हटलं, "पण चाचा, त्यांनी मीटर लावला होता. वायर अखंड आहे म्हणून मीटर पिंक पिंक वाजला." चाचांनी मीटर लावला. पिंक. मग त्यांनी ढिगातून एक जुना हेडलाइटचा बल्ब उचलला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि त्याच वायरीवरून त्याला वीज दिली. हँडल सरळ: झगझगीत. हँडल सावकाश डावीकडे नेलं: पिवळा, तांबूस, गुंजेएवढा, गुल. उजवीकडे: परत झगझगीत. दोन महिने मी जिच्या मागावर होतो ती माझ्या डोळ्यांदेखत येत होती, जात होती, येत होती. मी त्यांना तीनदा करून दाखवायला लावलं.

मग मीटर पिंक का म्हणाला? हे चाचांनी समजावलं, पण समजलं ते बँकेच्या भाषेत. समजा, शाखेत सोळा माणसांची मंजुरी आहे आणि आज पंधरा रजेवर आहेत. हेड ऑफिसने फोन केला. उरलेल्या एकाने उचलला, "हॅलो." हेड ऑफिसने लिहून घेतलं: शाखा चालू आहे. झालं! पण एक तारखेला पेन्शनची रांग लागली म्हणजे त्या एकट्याचं काय होतं? मीटर नुसता फोन करतो, चिमूटभर वीज पाठवून बघतो. बल्ब रांग लावतो. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. तुटलेल्या तारा टोकाला टोक टेकवून उभ्या असतील आणि त्या सांध्याला ०.६ ओहमचा विरोध असेल, तर जर्मनीच्या ओहमसाहेबाने १८२७ साली छापलेल्या हिशेबाने तिथेच ३ व्होल्ट खलास. बॅटरीने १२ मंजूर केले, दिव्याच्या हातात पडले ९. मधले ३ कुठे गेले, विचारू नका. सरकारी योजनांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आणि ते शोधायची रीतही तीच. शेवटच्या माणसापासून मागे यायचं, दर टप्प्यावर किती आले ते मोजायचं, पण रक्कम वाहती असताना मोजायचं. दुपारी दोनला ऑफिस बंद असताना तिथे सगळेच प्रामाणिक असतात.

चाचांनी काळी टेप सोलली. वरचं रबर शाबूत, अगदी नवं दिसत होतं. त्यांनी ते ब्लेडने उभं चिरलं. आत तांब्याच्या केसांचा पुंजका होता, हिरवट-काळा पडलेला. अखंड तारा किती, ते मी चष्मा काढून मोजलं. दोन. या दोन तारांवर मी बायकोला घेऊन घाट उतरलो होतो.

त्यांनी तो तुकडा कापून टाकला, त्याच जाडीची नवी वायर, थोडी ढील ठेवून, घातली. सोल्डर केलं. वर तापवून आवळणारी नळी चढवली. हँडल दोन्हीकडे पंचवीस वेळा फिरवलं आणि ती करकचून बांधणारी पट्टी कापून फेकून दिली. बिल ३५० रुपये. मी कापलेला तुकडा मागून घेतला. आधीच्या तीन पिशव्यांवर मी १४ हजारांच्या पुढे घातले होते. या दीड इंच तुकड्याला मी पिशवीसुद्धा आणली नव्हती. तो वहीत चिकटवला.

घरी आल्यावर ती वही हिच्यापुढे ठेवली. मला वाटलं, ही गाडीविषयी काही विचारेल. हिने तेवीसच्या तेवीस नोंदी वाचल्या, तो तुकडा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "अहो, अण्णांना अशी एक वही देऊ या का?"

हे माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं.

अण्णांना वही लागत नव्हती, निमित्त लागत होतं. त्यांनी फुलस्केप कागदाला समास पाडला आणि शाळेच्या लॉगबुकासारख्या नोंदी सुरू केल्या. पाच आठवड्यांत चार. तो कागद घेऊन त्यांना कराडला आणलं, हृदयरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. कार्डिओग्राम पुन्हा 'ओके'च आला, पण ते त्यावर थांबले नाहीत. त्यांनी अण्णांच्या छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला डबीएवढं यंत्र अडकवलं आणि सांगितलं, चोवीस तास हे ठेवून हिंडा, फिरा, जेवा, झोपा आणि काय वाटलं ते वेळेसकट लिहा. याला होल्टर म्हणतात. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन माणसाचं हे यंत्र. १९६१ साली त्याने याचा लेख छापला. सुरुवातीला म्हणे ते पाठीवर बांधून हिंडावं लागे एवढं धूड होतं. मूळ कल्पना मात्र तीच: पेशंट टेबलावर आडवा असताना बघू नका, रांग लागलेली असताना बघा. आणि सोबत वही हवी.

दुपारी ३ वाजून १० मिनिटांची नोंद अण्णांच्या वळणदार अक्षरात होती: 'चहा घेत असता डोळ्यांपुढे अंधारी. कप ठेवला. बरे वाटले.' यंत्रात ३ वाजून १० मिनिटांनी हृदय साडेचार सेकंद थांबलेलं होतं. डॉक्टरांनी पट्टीवरची ती सरळ रेघ दाखवली. हिने माझा दंड धरला. त्या घाटात धरला होता, तितकाच घट्ट. अण्णा मात्र रेघेकडे असे बघत होते, की जणू महिनोन्महिने खोटं बोलतो म्हणून ज्या पोराला बाकावर उभं केलं त्याचा दाखला आज मिळाला. म्हणाले, "म्हणजे होतं तर."

त्यांना पेसमेकर बसवला. चार दिवसांनी घरी सोडलं. बॅटरी वर्षानुवर्षं चालते, मग बदलावी लागते, वगैरे मी त्यांना सांगू लागलो तेव्हा म्हणाले, "जावईबापू, किक आहे का?" मी म्हटलं, "नाही, नुसता सेल्फ." त्यावर ते पहिल्यांदा मनापासून हसले. टाके ओढले म्हणून लगेच थांबले.

महिन्याभराने त्यांना बघायला जायचं ठरलं. मी विचारलं नव्हतं. ऑफिसातून आलो, तर खुंटी रिकामी होती आणि ही हेल्मेट घालून जिन्यात उभी होती. जाताना घाटात अंधार पडला. त्या डाव्या वळणावर मी गाडी मुद्दाम जरा जास्तच वळवून घेतली. दिवा हलला नाही. मागून आवाज आला, "नीट बघून चालवा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

अण्णांना आता वहीची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण छत्तीस वर्षांची सवय. ते अजून लिहितातच. रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या उशाशी ती वही होती. मी हळूच उघडून त्या दिवसाचं पान बघितलं.

'सायंकाळी ७ वाजून २० मिनिटे. मुलगी व जावई मोटारसायकलने आले. दिवे चालू होते.'